लाइटीला खुलं पत्र

लाइट,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती इथं मोडतो, कारण तू मला प्रिय नाहीस. हिंगोली जिल्ह्यात तू तीन-चार पिढ्या मुक्काम ठोकून आहेस, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आमच्या तोंडात असतेस, आणि तरीही शेतकऱ्याचा जेवढा घात तू केलास तेवढा दुसऱ्या कुठल्या परक्या शब्दानं केला नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत, पाचही तालुक्यांत तुझ्या नावानं बोंब आहे. ती आजवर वायरमनपुढं झाली, सबस्टेशनपुढं झाली, पुढाऱ्यांच्या दारात झाली. तुला समोर उभं करून कुणी जाब विचारला नाही. तो आज मी विचारतो.

तुझं काम नेमकं कोणतं?

'लाइट गेली' म्हटलं की पुरवठा गेला. 'लाइट लाव' म्हटलं की दिवा लाव. 'लाइट फुटला' तो मोटारसायकलचा. 'जरा लाइट दाखव' म्हणजे मोबाइलची बॅटरी दाखव. 'लाइट घेतली का' म्हणजे मीटर बसलं का, 'लाइट कापली' म्हणजे थकबाकीपायी जोडणी तोडली, 'लाइट कमी-जास्त होतीय' म्हणजे दाब टिकत नाही, आणि 'लाइटवाले आलेत' म्हणजे खांबावर चढणारी माणसं आली. कापडाच्या दुकानात 'यातला लाइट दाखवा' म्हटलं की फिकट रंगाचं लुगडं पुढं येतं. दवाखान्यात डॉक्टर 'दोन दिवस लाइट खा' सांगतो. पोरं एकमेकांना 'लाइट घे रे' म्हणतात, म्हणजे मनावर घेऊ नकोस. उशिरा समजणाऱ्याला ट्यूबलाइट म्हणतात. आणि कुठल्याही खिडकीवर कागदपत्रं द्यायला गेलं की 'लाइट बिलाची झेरॉक्स आणा' असं ऐकू येतं. तिथं तू आमच्या राहत्या घराचा पुरावा असतेस. ज्या घरात तू धड टिकत नाहीस त्या घराची साक्ष तू द्यायची!

एवढ्या कामांत तू लिंगसुद्धा एक ठेवलं नाहीस. तारेतून येतेस तेव्हा बाई: लाइट आली, लाइट गेली. काचेत बसतेस तेव्हा बाप्या: लाइट फुटला, लाइट बदलला. गणपतीच्या मांडवात तुझ्या 'लायटी' होतात. ज्या गोष्टीवर हात ठेवता येतो ती पुल्लिंगी आणि जिची वाट बघावी लागते ती स्त्रीलिंगी, हा भेद आमच्या बोलीनं आपणहून केला, तुझी त्यात काही करामत नाही. मी तो मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं सांगायचं आहे ते याच भेदाबद्दल आहे.

आधी तुझ्या खानदानाविषयी थोडं. इंग्रजीत तुम्ही दोघी आहात, आणि लिहिताना सारख्या दिसत असलात तरी रक्ताच्या बहिणी नाही. उजेडवाली वेगळी, वजनानं कमी असलेली वेगळी. वजनवालीचं मूळ आणि आपल्या संस्कृतातल्या 'लघु'चं मूळ एकच. त्या 'लघु'पासून प्राकृताच्या वाटेनं मराठीत 'हळू' आणि 'हलका' आले. म्हणजे डॉक्टर जेव्हा 'हलकं खा' न म्हणता 'लाइट खा' म्हणतो, तेव्हा घरातल्या पोरीला बाहेर काढून तो तिच्याच दूरच्या मावसबहिणीला आत घेत असतो. उजेडवालीचंही तसंच. तिचं नातं संस्कृतातल्या 'रुच्' धातूशी लागतं, चमकणं, शोभणं या अर्थाच्या. त्यातूनच 'रुची' आली. ही सोयरीक जुनी आहे म्हणून तुझ्या येण्याला माझी हरकत नाही. 'लाइट घे' म्हणणाऱ्या पोरांवरही माझा राग नाही. लुगड्याचा रंग, आजाऱ्याची खिचडी, गाडीचा दिवा, हे सगळं तुला माफ.

परके शब्द हिंगोलीला नवे नाहीत. निजामाच्या राज्यात हे वऱ्हाडच्या सीमेवरचं लष्करी ठाणं होतं. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं शहरात आजही आहेत. कुणी फारसीतून आलं, कुणी इंग्रजीतून. पण 'पेन्शन' हा शब्द आला, त्यानं एक मोहल्ला धरला आणि तिथंच राहिला. पेन्शन म्हटल्यावर कशाची, हे आम्हाला विचारावं लागत नाही. तुझ्याबाबतीत ते रोज विचारावं लागतं.

आमच्याकडं 'वीज' हा शब्द होताच. सरकारी कागदावर आजही तोच आहे. लोकांनी तो रोजच्या बोलण्यात का घेतला नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: मराठवाड्यात मृगाच्या तोंडावर वीज पडते आणि माणसं-जनावरं जातात. आभाळ काळं झालं की माय पोरांना झाडाखालून हाकलते, तेव्हा तिच्या तोंडी 'वीज' असते. वरून पडणारीला आणि तारेतून येणारीला एकच नाव द्यायला माणसं कचरली असावीत. त्यांनी काळजीनं दोन गोष्टींना दोन शब्द ठेवले. आणि तू आलीस ती दहा गोष्टी एका पदराखाली घेऊन.

आता मुद्द्यावर येतो. घरातला एलईडी दिवा ९ वॉटचा. विहिरीवरची ५ एचपीची मोटार सुमारे ३,७०० वॉटची. म्हणजे एका मोटारीत असे चारशे दिवे बसतात. दिव्याला एक फेज पुरते, मोटारीला तिन्ही लागतात. दिव्यावर पोरगं अभ्यास करतं, मोटारीवर अख्खं घर वर्षभर जेवतं. या दोन्हींना तू एकच नाव दिलंस, आणि तिथं तू गुन्हा केलास. ज्यांना दिवा देऊन मोटार दिल्याचं पुण्य घ्यायचं होतं, त्यांना तू शब्द पुरवलास.

आमच्या गावात, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत, आज दोन फीडर, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या वाहिन्या, आहेत. एक गावठाणाचा, एक शेतीचा. गावठाण वेगळं केलं हे चांगलंच झालं. घरात पंखा फिरतो, पोरांना रात्री वाचता येतं, बाळंतिणीच्या खोलीत अंधार नसतो. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण सभेत माइक हातात घेऊन 'गावोगाव चोवीस तास लाइट दिली' असं सांगितलं जातं, तेव्हा ते गावठाणाबद्दल खरं असतं आणि टाळ्या शेताच्या नावानं घेतल्या जातात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. खोट्याचं सगळं काम तुझ्याकडून करून घेतलेलं असतं.

शेतीच्या फीडरला चक्राकार पाळी आहे. काही दिवस दिवसा तीन फेज, काही दिवस रात्री, आठ-आठ तास. कधी रात्रीचे तास थोडे वाढवून देतात. वेळापत्रकावर तासांची बेरीज पुरती भरते. पण रात्रीच्या आठ तासांत माणूस झोपतो, ही गोष्ट त्या कागदावर कुठंही नाही.

आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. थंडीत रात्रीची पाळी असली की ते जेवून आडवे होतात ते झोपण्यासाठी नव्हे. कानटोपी, घोंगडी, बॅटरी, काठी दाराशी काढलेली असते. विहिरीवर पत्र्याची पेटी आहे, तिच्या दारावर तीन बारके दिवे: लाल, पिवळा, निळा. तीन फेजचे तीन. आबा लांबूनच ते बघत जातात. तिन्ही पेटले तर हिरवं बटण. दोनच पेटले तर बटणाला हात लावायचा नाही, कारण दोन फेजवर मोटार नुसती घुमते, तापते आणि आतली तार जळते. मग ती विहिरीतून काढा, ट्रॅक्टरवर घाला, वसमतला रिवाइंडिंगला न्या, तिथं आधीच आलेल्या मोटारींच्या मागं नंबर लावा. म्हणून आबा पेटीपुढं उकिडवे बसतात आणि तिसऱ्या दिव्याची वाट बघतात. विडी पेटवली तर तेवढीच ऊब.

घरून माय फोन करते. "लाइट आली का तिकडं?"

"आली. पण घरची आली. मोटारीची न्हाई अजून."

हे आबांचं वाक्य तू नीट ऐक. 'घरची लाइट', 'मोटारीची लाइट', 'दिवसाची लाइट', 'रातची लाइट'. ज्याचं पोट तुझ्यावर आहे तो तुझ्यामागं एक शब्द लावल्याशिवाय तुझं नावच घेत नाही. शाळेत फारसं न गेलेल्या माणसानं तुझी ही गफलत ओळखली आणि आपल्यापुरती सोडवली. तो मागचा शब्द गळतो कुठं? गाव सोडून वर गेलं की. तालुक्याच्या बैठकीत 'घरची' गळून पडते, जिल्ह्याच्या अहवालात 'रातची' गळून पडते, आणि मुंबईला पोचते ती नुसती 'लाइट', दिली म्हणून.

देशाच्या पातळीवरही हेच झालं. १९९७ च्या आधी गावाच्या हद्दीत कुठल्याही एका कामाला वीज वापरली गेली, तरी त्या गावाचं विद्युतीकरण झालं असं धरत. हद्दीतल्या एकाच विहिरीवर मोटार चालली आणि गावात एकही दिवा नसला तरी चालायचं. २००४ साली व्याख्या सुधारली: गावात आणि दलित वस्तीत रोहित्र आणि तारा हव्यात, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज हवी, आणि निदान १० टक्के घरांत जोडणी हवी. शंभरातली दहा घरं उजळली की गाव झालं. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लैसांग हे गाव जोडलं गेलं आणि देशातल्या प्रत्येक गावात वीज पोचल्याचं जाहीर झालं. व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होतं. घरोघर जोडणीची 'सौभाग्य' योजना सप्टेंबर २०१७ मध्येच सुरू झाली होती, आणि तिनं खरंच लाखो घरांत दिवा नेला. पण या सगळ्या मोजणीत दिवसाचे किती तास, किती दाबानं आणि किती फेज, हे रकाने नव्हते.

२०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. बिल शून्य येतं, आणि ज्यांची थकबाकी मानेवर बसली होती त्यांना त्याचं मोल माहीत आहे. गावात लोक म्हणतात, 'लाइट माफ झाली'. बिल माफ झालं. रात्रीचा दोनचा गजर माफ झालेला नाही. पैशाची लाइट आणि वेळेची लाइट तू एकाच शब्दात कोंबलीस, म्हणून एक मिळाली की दुसरीचं मागणं कृतघ्नपणाचं वाटायला लागतं. 'फुकट मिळतीय की, आता आणखी काय पाहिजे?' असं पारावर ऐकून घ्यावं लागतं.

आणखी काय पाहिजे ते सांगतो. आमच्या भागात हळद आहे. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, लांबून व्यापारी येतात, मुठीत हळकुंड घेऊन मोडून आतला रंग बघतात. ते पीक जूनमध्ये लावलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीत असतं. पाऊस सरल्यावर कंद पोसायचा काळ येतो, तेव्हा पाण्याचा ताण पडला की गड्डा भरत नाही. ठिबक असलं तरी पाण्याला दाब लागतो. रात्री सगळ्या मोटारी एकाच वेळी चालू झाल्या की विजेचा दाब पडतो, पाणी कमी ओढलं जातं आणि शेवटच्या सऱ्यांतल्या नळ्या कोरड्या राहतात. त्या कोपऱ्यातली हळद निघते ती बोटाएवढी.

रात्री जायला नको म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटो बसवले. तारेत प्रवाह आला की मोटार आपोआप चालू. वीज कंपनी सांगते ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, आणि तांत्रिकदृष्ट्या तिचं म्हणणं चुकीचं नाही. साऱ्या शिवारातल्या मोटारी एका क्षणी उचलल्या की डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, भार येतो आणि डीपी जळतो. पण ऑटो काढणं म्हणजे साठीच्या माणसाला परत रात्री दोनला बांधावर पाठवणं. दिवसा पुरवठा द्या, आबा स्वतःच्या हातानं ऑटो काढून ठेवतील.

बांधावर काय असतं तेही तुला ठाऊक नसेल, तू काचेत बसणारी. ओल्या सरीत मण्यार असते. ती रात्रीच फिरते, आणि तिचा दंश कधी कधी कळतसुद्धा नाही इतका बारीक असतो. घोणस पाचटाखाली असते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली. त्यातली किती पाणी द्यायला गेली होती हे त्या आकड्यात नाही. आमच्या पंचक्रोशीत माणूस असा गेला की लोक म्हणतात, 'रातच्या लाइटीनं गेला'. कारण सापाचं नसतं. साप आपल्या वेळेला आपल्या वाटेनं जात होता. माणूस तिथं त्या वेळेला का होता, हा प्रश्न आहे.

तुला एवढं बोलतो म्हणून कुणी म्हणेल, शब्दावर राग काढून काय मिळणार? वेळापत्रक करणारी माणसं आहेत, त्यांना विचारा. विचारतोच आहोत. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीचे फीडर सूर्यावर चालवायचे, म्हणजे उन्हात पुरवठा आणि रात्री झोप. कल्पना चोख आहे आणि तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण आपल्या फीडरचं काम कुठवर आलं हे विचारायला शेतकरी जातो, तेव्हा त्याला उत्तर मिळतं ते तुझ्या नावाचं: 'लाइट तर आहे ना तुमच्याकडं?' आणि तो गप्प बसतो. कारण लाइट आहेच. घरात पंखा फिरतोय. 'नाही' म्हणावं तर खोटं, 'आहे' म्हणावं तर घात. माणसाला त्याचीच अडचण सांगता येऊ नये अशी गोची तू करून ठेवलीस, आणि माझा तुझ्यावर राग आहे तो यासाठी.

जिल्ह्यात एक जागा अशी आहे जिथं तुझा खरा अर्थ कामाला येणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथं लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आतली हवा काढून टाकलेली. त्यातून लेसरचा झोत जाईल, आरशावर आपटून परत येईल, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशाला बसलेला हिसका मोजला जाईल. प्रोटॉनच्या रुंदीपेक्षा हजारो पटींनी लहान असा फरक तिथं ओळखायचा आहे. 'लेसर' या इंग्रजी शब्दातलं पहिलं अक्षर तुझंच आहे. तिथं तू म्हणजे उजेड, दुसरं काही नाही. तिथले शास्त्रज्ञ 'लाइट आहे' एवढ्यावर समाधान मानणार नाहीत. तरंगलांबी किती, ताकद किती, झोत किती स्थिर, हे विचारतील, लिहून ठेवतील, आणि त्यात केसाएवढी चूक खपवून घेणार नाहीत. मला त्या प्रयोगशाळेचा अभिमान आहे. त्याच औंढा तालुक्यातल्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीवरच्या पुरवठ्याबद्दल तेवढंच नेमकं विचारलं तर त्याला किरकिऱ्या म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याला प्रोटॉन मोजायचा नाही. त्याला तीन दिवे मोजायचे आहेत.

म्हणून तुझ्यापुरता निकाल सांगतो. कापडाच्या दुकानात राहा, मांडवात राहा, पोरांच्या थट्टेत राहा. शेताच्या गोष्टीत तुला आता एकटं फिरू देणार नाही. पुढच्या ग्रामसभेत कुणी 'चोवीस तास लाइट' म्हणालं की आम्ही उभं राहून विचारू: गावठाणाची की शेताची? एक फेज की तीन? किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? शेवटच्या खांबावर दाब किती? आमचा फीडर सौरवर कोणत्या महिन्यात जाणार? उत्तर जे येईल ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तिथंच इतिवृत्तात लिहून घेऊ, आणि त्यात तुझं नाव येऊ देणार नाही.

वसमत तालुक्यातल्या एका हळदवाल्याचा मुलगा